शुक्रवारची उतार खोली

४ जुलै १९८६, शुक्रवार

आज बाजार. बाजार म्हणजे दुपारनंतर दवाखान्यात पिऊन आलेल्यांची रांग. एक बैलगाडीवरून पडलेला. एक स्वतःच्याच काठीने डोकं फोडून घेतलेला. एक काहीही न झालेला, पण मला भेटायला आलेला. तिघांच्याही अंगाला मोहाच्या दारूचा वास. तिसरा माझ्या नव्या चपलांवर ओकला. कांताने सीताबर्डीवरून घेऊन दिलेल्या चपला.

एम.बी.बी.एस. याच्यासाठी केलं नव्हतं.

निश्चय: शुक्रवारी चिडायचं नाही. शुक्रवारी जुन्या चपला घालायच्या. आणि दिवाळीच्या आत नागपूरला बदली करून घ्यायची. कांताला तसा शब्द दिला आहे. ती माहेरी, तिथेच तिची शाळेची नोकरी, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पहिलं बाळंतपण. मी इथे आरमोरीच्या अलीकडे, जंगलाच्या काठावर, ओकाऱ्या पुसतोय. बाळ जन्मेल तेव्हा मी दाराशी उभा असणार. काळ्या दगडावरची रेघ.

७ जुलै, सोमवार

बदली मागून मिळत नाही. नाव व्हावं लागतं. नाव कशाने होईल याचा आज ओ.पी.डी.त बसून विचार केला (दोन पेशंट वाट बघून निघून गेले) आणि सुचलं.

कॉलेजच्या लायब्ररीत एका अमेरिकन जर्नलमध्ये वाचलं होतं. तिकडे पिऊन पडलेल्यांसाठी वेगळं सेंटर असतं. त्यांना कुशीवर झोपवतात, श्वास बघतात, डोक्याला मार नाही ना ते तपासतात, पाणी पाजतात, आणि उतरली की घरी पाठवतात. आपल्याकडे असं कोणी केल्याचं ऐकलं नाही. मी करणार. सिव्हिल सर्जनसाहेब खूश होणार. ते खूश झाले की नागपूर.

एक्स-रेची खोली रिकामीच आहे. मशीन येणार, येणार, असं मी रुजू व्हायच्या आधीपासून चाललंय. चार खाटा टाकल्या. बोर्डावर ‘सोबरिंग सेंटर’ लिहून घेणार होतो. सिस्टर सुगंधाबाई म्हणाल्या, हे कोनी वाचन नाई सर, उतार खोली लिवा. नाइलाजाने तसं लिहिलं. सुगंधाबाईंना व्हिजन नाही.

११ जुलै, शुक्रवार

उद्घाटन. पहिला पेशंट सकाळीच मिळाला: वारलू, आमचा अटेंडंट. पेशंट उचलून खाटेवर ठेवण्यासाठी मी त्यालाच खास नेमलं होतं. म्हणे नव्या जागेत काम सुरू करायचं तर आधी देवाच्या नावानं भुईवर थोडी मोहाची शिंपडावी लागते, नाहीतर कामाले बरकत येत नाई. शिंपडली. मंग उरलेली फेकून कशी द्यावी जी, असं त्याचं म्हणणं. त्याला मी आणि सुगंधाबाईंनी उचलून ठेवलं. तो बराच जड आहे.

दुसरा पेशंट मुखरू. मजूर माणूस, काडीसारखा, पिऊनसुद्धा अदबीने बोलणारा. बायकोने, ठमाबाईने, दंडाला धरून आणला. डाक्टर साहेब, याले इथी निजवा, मी तेवढ्यात मिरच्या इकून येतो, म्हणाली आणि गेलीसुद्धा. सही नाही, काही नाही.

दर अर्ध्या तासाने बाहुल्या तपासल्या. दारूचा वास आला म्हणून डोक्याला मार नाही असं कधीच समजायचं नाही, हे मी सुगंधाबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, हो सर, मागच्या वर्षी मीच तुमाले सांगितलं होतं. आठवत नाही.

एकूण उत्तम सुरुवात. चपला वाचल्या. पँट नाही.

१८ जुलै, शुक्रवार

सायंटिफिक पद्धत आणली. उतरली की नाही हे कसं ठरवायचं? माझा नियम: फरशीवर खडूची सरळ रेघ. त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जो न ढळता जाईल त्यालाच डिस्चार्ज. नियम म्हणजे नियम, कोणाचीही गय नाही.

दुपारी पोलीस ठाण्याचा जमादार एका माणसाला सर्टिफिकेटसाठी घेऊन आला. दारूच्या अमलाखाली आहे असं लिहून द्या म्हणाला. माणूस तीन हातांवरून वास मारत होता, स्वतःचं नाव विचारलं तर भावाचं सांगत होता. मी त्याला रेघेवर उभा केला. तो गेला की सरळ. वळून परत आला. एक पाऊल इकडचं तिकडे नाही.

नाइलाजाने ‘अमलाखाली नाही’ असं लिहिलं. जमादार तापला. म्हणाला, साहेब, हे सारे धानाच्या बांधीतले लोक, जन्मापासून धुऱ्यावरून, वीतभर बांधावरून चालतात, डोक्यावर भारा घेऊन, पिऊनसुद्धा. यायले रेघेनं काय होते. टेस्टवर असा अविश्वास मला खपत नाही. मी त्यालाच चालायला सांगितलं. तो अमरावतीच्या कपाशीकडचा. चौथ्या पावलाला रेघेबाहेर.

त्याने प्यायली असावी. सुगंधाबाई म्हणाल्या, तुमी चालून पाहा ना सर. मला वेळ नव्हता.

२५ जुलै, शुक्रवार

मुखरूला आज फार कोरड पडली होती, जीभ लाकडासारखी. ग्लुकोज सलाईन लावलं, त्यात बी-कॉम्प्लेक्स घातलं. बाटली पिवळीधमक झाली. तासाभराने उठून बसला, हात जोडले, म्हणाला, साहेब, पायात जीव आला, उद्या एकटाच बांधी रोवून टाकतो. खोलीतले बाकीचे तिघे त्या बाटलीकडे टक लावून बघत होते. वैज्ञानिक उपचाराचा असा प्रभाव पडतो.

कांताला पोस्टातून ट्रंक कॉल लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण तुम्ही येणार ना? शब्द दिलाय, म्हटलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

धानाची रोवणी जोरात. दिवसभर चिखलात वाकून बायामाणसांची कंबर मोडते. तरी आज उतार खोलीत जागा पुरली नाही. खाटा चार, माणसं त्याच्या तिप्पट. व्हरांड्यात चटया टाकल्या. येणारा प्रत्येक जण आल्या आल्या सांगतो, मी पेलो जी, लय पेलो, बाटल लावा. स्वतःहून कबुली. मागच्या महिन्यापर्यंत हेच लोक शपथेवर नाही म्हणत होते. जनजागृती याहून वेगळी काय असते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

एक क्लिनिकल कोडं. वास शर्टाला भरपूर, तोंडाला जवळजवळ नाही. काहींच्या तर फक्त कॉलरला. डोळे स्वच्छ, नाडी स्वच्छ, बोलणं स्वच्छ. तरी म्हणतात झिंग आहे. बहुधा इथल्या मोहाचा गुणधर्म असावा, तोंडावाटे न जाता कातडीवाटे बाहेर पडण्याचा. यावर पेपर लिहिता येईल. कॉन्फरन्स नागपूरला असते.

दुसरं निरीक्षण: बायका नवऱ्यांना आता सकाळीच आणून सोडतात. बाजार भरायच्या आधी. ठमाबाई मुखरूला खाटेवर बसवते, हाताने दटावते, इथून हालू नोको, आणि टोपली घेऊन निघते. संध्याकाळी येऊन मोजून घेऊन जाते. माझ्यावर केवढा हा विश्वास.

वारलू म्हणतो, साहेब, हे कोंडवाडा झालं. जनावरं सोडून दिली तर शेतात घुसतात, मानसं सोडली तर भट्टीवर, म्हून बाया इथी बांधून जातात. वारलूशी मी अशा विषयांवर बोलत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. ड्राय डे. सरकारी दुकान बंद म्हणून आज विश्रांती मिळेल असं वाटलं होतं. विसरलो होतो की मोह झाडाला लागतो.

सलाईनचा साठा झपाट्याने खाली. जिल्ह्याला मागणी पाठवली. कारण: ‘प्रकल्पाचं यश’. सुगंधाबाई म्हणाल्या, सर, हगवणीचे दिवस आहेत, थोड्या बाटल्या अलग ठेवून द्या. ठेवू म्हटलं. मग व्हरांड्यात ओरडा सुरू झाला, आमाले काऊन नाई, त्याले लावली, आमचं रक्त पानी आहे का. ठेवायचं राहून गेलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज वाईट दिवस.

दुपारी रुखमा नावाच्या मजूर बाईला बाजेवर घालून आणलं. रोवणीच्या बांधीतून. सकाळपासून हगवण-वांती, डोळे खोल गेलेले, हाताची नाडी लागेना. तातडीने सलाईन पाहिजे. न लावलेली एकच बाटली उरलेली. बाकी साऱ्या माझ्या उतार खोलीत लटकत होत्या, प्रत्येकीखाली एक इसम आडवा.

मी घाबरलो. हे इथे लिहायला हरकत नाही.

ती एक बाटली वारलूने मुखरूला लावायला काढून नेली होती. मी खोलीत धावलो. मुखरूने बाहेरची रड ऐकली होती. तो उठून बसला, शर्टाची बाही वर केलेलीच होती, ती खाली केली. म्हणाला, तिले लावा साहेब, मी पेलो नाई. मी म्हटलं, वास येतोय. तर म्हणाला, शर्टावर टाकली जी थोडी, पेल्याशिवाय तुमी बाटल लावत नाई म्हून. रोवणीत कंबर गेली, अंगात ताकद नाई राह्यली.

मग शेजारचा म्हणाला, मीबी नाई पेलो. मग पलीकडचा. अख्खी खोली बसती झाली. एकाने तर स्वतःच सुई उपटली.

बाटली रुखमाला लावली. बाकी सुगंधाबाईंनी मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, मी नाडी धरून बसून राहिलो. संध्याकाळी तिने सासूला शिवी दिली तेव्हा मला रडायला आलं. वाचली.

नंतर शांतपणे विचार केला. इतके लोक एकाच वेळी, एका क्षणात, पूर्ण शुद्धीवर. असा उतार मी कुठल्याही जर्नलमध्ये वाचलेला नाही. खोलीचाच परिणाम म्हणावा लागेल. रिपोर्टमध्ये शंभर टक्के रिकव्हरी लिहिली. मुखरू केस नंबर एक.

निश्चय: यापुढे सलाईन गरजेपुरतंच. खोलीत फक्त लिंबूपाणी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सलाईन बंद केलं तर खोली ओस पडेल असं सुगंधाबाईंना वाटत होतं. पडली नाही. शर्टावर शिंपडणारे तेवढे गळाले. उरले दोन प्रकारचे: पोळ्याला प्यायलेली अजून न उतरलेले, आणि बायकांनी पिण्याच्या आत आणून सोडलेले. पहिले दुसऱ्यांवर ओकतात. दुसरे माझ्याकडे तक्रार करतात. एकाने माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप बैलाच्या गळ्यात घालायला नेला. नाइलाजाने हसलो. नंतर खूप चिडलो. नळी कापलेली परत मिळाली.

चिडायचं नाही हा निश्चय उद्यापासून पुन्हा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सिव्हिल सर्जनसाहेब उतार खोली बघायला येणार. रिपोर्टचा परिणाम. तारीख दहा ऑक्टोबर. शुक्रवार, बाजाराचा दिवस, मुद्दाम.

ट्रंक कॉल. कांता म्हणाली, तारीख अगदीच जवळची आहे, पुढे-मागे झालं तर? मी तिला समजावलं की पहिलं बाळ नेहमी उशिरा येतं, आणि हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय. ती म्हणाली, बाळाने तुमची पुस्तकं वाचलेली नाहीत. शिक्षकी बाणा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेहुण्याचा ट्रंक कॉल. आज-उद्या म्हणतात, कांताने बोलावलंय.

बस नागभीडला, तिथून नॅरोगेजची छोटी गाडी, गाडी चालते बैलाच्या चालीने. आत्ता निघालो तर उद्या इथे कोण? वारलू? ठरवलं: उद्या व्हिजिट झाली की तडक निघायचं. फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे. एक दिवस थांबलो तर जन्मभर नागपूर. कांता हे समजून घेईल.

झोप येत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिजिट अपेक्षेपेक्षा चांगली झाली.

साहेब आले तेव्हा खोली भरलेली. सगळे कुशीवर, शिकवल्याप्रमाणे. वारलू शुद्धीत. मी खडूच्या रेघेचं महत्त्व सांगितलं. साहेबांनी तीन पेशंट चालवून बघितले, तिन्ही पिऊन आलेले, तिन्ही बाणासारखे सरळ. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, डॉक्टर, तुम्ही चाला बरं. रात्रभर जागा होतो, सकाळपासून पोटात काही नाही. मधेच तोल गेला, सलाईनच्या स्टँडला धरलं, ते घेऊन खाली. हात दाखवून अवलक्षण. एक दारुडा मला उठवायला आला आणि साहेबांना म्हणाला, सवय नाई जी त्यायले, माफ करा.

पण पुढे बाजी फिरली. ठमाबाई आणि बाकीच्या बाया टोपल्या घेऊनच आत आल्या. ठमाबाई साहेबांसमोर उभी राहिली, डोक्यावर पदर, आवाज मात्र बाजारातला. म्हणाली, या डाक्टरले कुठी जाऊ देऊ नोका साहेब. शुक्रवारी मानूस इथी सोडला की भट्टीवर जात नाई, मार खाऊन घरी येत नाई, मलेबी मारत नाई. माह्या घरात चार शुक्रवार झाले भांडं नाई फुटलं. हा डाक्टर गेला तर आमी बाजार कसा करावा. मागे मुखरू मान डोलावत होता.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुमचं मी बघतो.

मी बघतो म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत कोणाला सांगावं लागत नाही. नागपूर पक्कं.

साहेबांची जीप गेल्यावर पोस्टमन धावत आला. नागपूरचा फोन होता. दुपारीच मुलगी झाली. दोघी सुखरूप.

म्हणजे मी स्टँडला धरून पडलो त्या सुमारास.

१२ ऑक्टोबर, रविवार. नागपूर

मुलगी पाहिली. लाल, मूठभर, कपाळ माझ्यासारखं.

कांता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. व्हिजिट कशी झाली एवढं विचारलं. मी सगळं सांगितलं, दिवाळीच्या आत ऑर्डर येईल तेही. ती बाळाकडे बघत म्हणाली, बरं.

मी दाराशी नव्हतो. हे वाक्य चारदा लिहिलं आणि खोडलं. राहू दे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

परत इथे. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. इतकी गर्दी कशाबद्दल विचारलं. तर म्हणे, डाक्टर साहेबाले पोरगी झाली म्हून जी. माझ्या मुलीच्या जन्माप्रीत्यर्थ अख्खा बाजार प्यायला होता. मुखरूने मात्र थेंब घेतला नाही. बाळासाठी त्याने बांबूचा पाळणा विणून आणला होता. मी त्याच्यावर ओरडलो, दवाखान्यात कसलं सामान आणता म्हणून. मग पाळणा क्वार्टरवर ठेवून आलो आणि कांताला पत्राने कळवलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऑर्डर आली.

‘सदर केंद्राचे उल्लेखनीय कार्य व स्थानिक जनतेची आग्रहाची मागणी विचारात घेता, वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुढील आदेशापर्यंत याच ठिकाणी कायम ठेवण्यात येत आहे.’ सोबत एक्स-रे मशीनबद्दल: खोली केंद्रासाठी वापरात असल्याने मशीन दुसऱ्या दवाखान्याला दिलं.

चार वेळा वाचली. कुठेतरी टायपिंगची चूक असेल म्हणून. नाही.

सुगंधाबाईंनी चहा दिला. वारलूने दुसरं काही देऊ का विचारलं. नको म्हटलं. अजून तरी नको.

कांताला फोन केला. तिने ऑर्डर दोनदा वाचून घेतली. तीन मिनिटं संपत आल्याचं ऑपरेटरने सांगितलं तेव्हा म्हणाली, पाळण्याला दोरी आहे का?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कांता आली. सव्वा महिना झाला तशी बाळाला घेऊन, एक ट्रंक घेऊन, मेहुण्यासोबत, छोट्या गाडीने. शाळेतून रजा काढली आहे. किती दिवसांची ते मी विचारलं नाही.

मी तिला दवाखाना दाखवायला नेलं. आधी ऑपरेशन टेबल, मग माझं केबिन, मग उतार खोली. मी प्रोटोकॉल समजावत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती दारात उभ्या ठमाबाईशी बोलत होती. दहा मिनिटांत दोघींची अशी गट्टी की कांताने मला नागपूरलाही तेवढी ओळख दिली नव्हती. ठमाबाईने सांगितलं, बाई, इथी मुरमुरे चांगले भेटतात, लाखोरीची दाळ भेटते, चाल माह्यासंगं.

कांताने बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुम्ही इथेच थांबा. मी बाजार करून येते. कुठे जाऊ नका.

आणि गेली. सही नाही, काही नाही.

मुखरू खाटेवर सरकला. बसा जी साहेब, बाया येतच असन. मी बसलो. खोलीत सात-आठ जण होते, कोणी प्यायलेलं, कोणी नाही, सगळे दाराकडे बघत होते. बाळ झोपलं होतं. पलीकडचा एक जण गाणं म्हणायला लागला तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, पोरगी उठन म्हून.

एकेकाची बायको येत गेली. एकेक जण उठला, रेघेवरून सरळ चालला, गेला. कांता सगळ्यात शेवटी आली, दोन पिशव्या भरून, चेहरा उन्हाने लाल. इतकी खूश मी तिला किती दिवसांत पाहिली नव्हती. तिने बाळ घेतलं, पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि सुगंधाबाईंना विचारलं, यांना नेलं तर चालेल ना?

सुगंधाबाईंनी फरशीकडे बोट दाखवलं. नियम माझाच. कोणाचीही गय नाही.

दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालो. अर्ध्यावर गेलो आणि डाळीकडची बाजू जड झाली, पाय रेघेबाहेर.

सुगंधाबाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ बसू द्या बाई त्यायले.

मी परत खाटेवर जाऊन बसलो.